भुवयांमधले दोन मणी आणि सात आठवड्यांची जखम

वाचकाचे पत्र

मी साखळीची असून माझे वय २४ आहे. पणजीला एका सीएच्या कार्यालयात नोकरी करते आणि रोज स्कूटरने ये-जा करते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बार्देशातल्या एका स्टुडिओत मी दोन्ही भुवयांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी, आडवे पिअर्सिंग करून घेतले, म्हणजे टोचून दोन्ही टोकांना मणी असलेली धातूची दांडी घालून घेतली. त्याला तिथे ब्रिज पिअर्सिंग म्हणतात. सुई माझ्यासमोर बंद पाकिटातून काढली होती. पहिले तीन आठवडे बरे गेले. आता डाव्या टोकाशी मुगाच्या दाण्याएवढी लाल गाठ आली आहे, सकाळी दोन्ही टोकांवर पिवळसर खपली दिसते आणि चष्मा टेकला की दुखते. आजी खोबरेल तेलात हळद कालवून लावते. मैत्रीण म्हणते, दांडी रोज फिरवली नाही तर ती आत चिकटेल. दुसरी म्हणते, समुद्रात चार डुबक्या मार, खाऱ्या पाण्याने सुकेल. दांडीच्या धातूचा दोष असेल असे वाटून वडील आमच्या सोनाराकडून २२ कॅरेट सोन्याची दांडी करून द्यायला तयार आहेत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मावसबहिणीचे लग्न आहे आणि मावशीने तेवढ्या दिवसापुरते तरी ते काढून ठेवायला सांगितले आहे. हा जंतुसंसर्ग आहे का? एक दिवस काढून पुन्हा घालता येईल का? की आता हे सोडूनच द्यावे? माझी एक मैत्रीण गालावर तसेच करून घ्यायचे म्हणते, तिलाही काही सांगावे.

उत्तर

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून हा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता मला कमी वाटते. जखमेतून येणारी लस आणि पू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लस पातळ, पाण्यासारखी किंवा फिकट पिवळी असते, तिला वास नसतो आणि ती वाळली की दांडीच्या टोकांवर खपली धरते. भरत असलेल्या प्रत्येक छिद्रातून ती काही आठवडे येतच राहते. पू दाट असतो, पिवळा किंवा हिरवट असतो, त्याला बहुधा घाण वास येतो, आणि त्याच्या जोडीला ठणका, हाताला जाणवणारी ऊब आणि रोज थोडी थोडी पसरत जाणारी लाली असते. तुमच्या पत्रात ठणक्याचा किंवा तापाचा उल्लेख नाही, आणि चष्मा टेकल्यावरच दुखते असे तुम्ही स्पष्ट लिहिले आहे. त्या एका वाक्यात तुमच्या तक्रारीचे बरेचसे उत्तर आहे असे मला वाटते. तुमची जखम चिघळलेली नाही, तिला दिवसभर त्रास दिला जात आहे.

अशी जखम भरते कशी, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना निव्वळ हुकूम वाटणार नाहीत. सुई आरपार गेल्यावर दांडीभोवती एक बोगदा तयार होतो. त्या बोगद्याला आतून नवी त्वचा येते, पण ती दोन्ही तोंडांकडून आत सरकत जाते आणि मधला भाग सर्वांत शेवटी भरतो. म्हणूनच बाहेरून सगळे कोरडे आणि शांत दिसत असताना आत जखम ओलीच असू शकते. या जागेच्या पिअर्सिंगला भरून यायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात असे सांगितले जाते. प्रत्यक्षात काहींना त्याहून बरेच अधिक महिने लागलेले मी पाहिले आहेत. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात मी अनेक वर्षे ड्रेसिंगचे काम केले, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'आता भरले' असे समजून काळजी घेणे सोडलेली माणसेच सातव्या-आठव्या आठवड्यात गाठ घेऊन येत असत. तेव्हा सातव्या आठवड्यात तुमची जखम अपुरी भरलेली असणे, यात काही अघटित नाही.

मात्र ही जागा कानाच्या पाळीसारखी सोपी नाही. कानाची पाळी मऊ, मांसल असते आणि दांडी तिच्यातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरळ जाते. नाकाच्या मुळाशी हाड लगेच लागते, त्यावर चिमटीत येईल एवढीच त्वचा असते आणि दांडी त्या पातळ पदराखालून आडवी जाते. शरीर अशा वस्तूला काटा रुतल्यासारखे वागवते आणि हळूहळू वर ढकलू पाहते. दाब आणि घर्षण जितके अधिक, तितके हे ढकलणे लवकर सुरू होते. त्यामुळे तुमच्या बाबतीत सर्वांत मोठे काम औषध लावण्याचे नसून दाब काढून घेण्याचे आहे.

गाठ डाव्या टोकाशीच आहे आणि उजवे टोक ठीक आहे, याला कारण असलेच पाहिजे. शरीराचा दोष असता किंवा धातू सोसत नसता, तर दोन्ही बाजूंना काहीतरी दिसले असते. तुम्ही डाव्या कुशीवर झोपता का, हेल्मेट काढताना डाव्या बाजूने आधी वर ओढता का, आणि चष्म्याचा डावा भाग किंचित खाली बसतो का, हे तीन दिवस नीट पाहा. यांपैकी एकाचे उत्तर 'होय' येईल अशी माझी अपेक्षा आहे.

चष्म्यापासून सुरुवात करा. तुमच्या फ्रेमला नाकावर टेकणाऱ्या दोन वेगळ्या गाद्या असतील, तर चष्म्याच्या दुकानातला कारागीर त्या वाकवून फ्रेम दोन-तीन मिलिमीटर खाली आणि पुढे आणू शकतो, आणि हे काम दहा मिनिटांचे आहे. फ्रेम जाड प्लॅस्टिकची, अखंड पुलाची असेल तर तिला वाकवता येत नाही. मग निदान पुढचे तीन-चार महिने गाद्यांची पातळ तारेची फ्रेम वापरणे हाच उपाय आहे. एका जुन्या फ्रेमला तुमच्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या तरी पुरे. कॉन्टॅक्ट लेन्स तुम्ही वापरत असाल तर त्या घालता-काढताना डोळ्याला लागणारी बोटे आणि जखमेला लागणारी बोटे यांच्या मध्ये प्रत्येक वेळी साबणाने हात धुतले पाहिजेत, एवढे लक्षात ठेवा.

हेल्मेट सोडायचे नाही. साखळी ते पणजी हा रोजचा रस्ता आहे आणि कपाळावरच्या एका मण्यासाठी डोक्याचा धोका पत्करण्याचा प्रश्नच येत नाही. पण हेल्मेट घालताना आणि काढताना पट्टे दोन्ही हातांनी बाजूला ताणून, आतली गादी कपाळाला न घासता, सरळ वर उचला. आतले अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवा, कारण एप्रिल-मेच्या उकाड्यात त्यात मुरलेला घाम थेट जखमेवर उतरतो. रात्री उताणे झोपण्याची सवय करा. ते जमत नसेल तर उशीवर जुन्या मऊ सुती साडीचा किंवा ओढणीचा धुतलेला तुकडा अंथरा आणि तो रोज बदला.

यानंतर एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही पण मला विचारावीशी वाटते: तुम्ही टिकली लावता का? टिकलीच्या पाठीवरच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचे रसायन असू शकते, आणि त्याने काही स्त्रियांच्या कपाळाला पुरळ येते, कधी तिथल्या त्वचेचा रंगही कायमचा जातो. तुमच्या दांडीपासून टिकलीची जागा बोटभर अंतरावरही नाही. जखम भरेपर्यंत टिकली, कुंकू, टाल्कम पावडर आणि फाउंडेशन या सर्वांना त्या भागापासून दूर ठेवा. उन्हात जाताना सनस्क्रीन लावायचे असेल तर ते भुवयांच्या वर आणि गालांवर लावा आणि मधली जागा टोपीच्या किंवा हेल्मेटच्या सावलीत राहू द्या.

आता स्वच्छतेबद्दल. तुम्हाला लागणारी एकच वस्तू म्हणजे निर्जंतुक सलाईन, म्हणजे ०.९ टक्के सोडियम क्लोराइडचे पाणी, आणि ते औषधांच्या दुकानात सहज मिळते. जखम धुण्याच्या फवाऱ्याची बाटली मिळाली तर उत्तम. इंजेक्शनची मोठी बाटली एकदा उघडली की ती निर्जंतुक राहत नाही, म्हणून छोट्यात छोटी घ्या आणि उरलेले टाकून द्या. नाकात घालायचे थेंब याला पर्याय म्हणून वापरू नका, कारण त्यांपैकी अनेकांत टिकवण्यासाठी घातलेली रसायने असतात आणि काहींत नाक मोकळे करणारे औषधही असते. घरी मीठ कालवून पाणी करण्याची पूर्वी पद्धत होती, परंतु चिमटीने घातलेले मीठ बहुतेक वेळा जास्तच पडते आणि जखम आणखी कोरडी होऊन फुटते. सकाळी आणि संध्याकाळी, दिवसातून दोनच वेळा, साबणाने हात धुऊन सलाईनमध्ये भिजवलेला गॉजचा तुकडा त्या जागेवर चार-पाच मिनिटे नुसता ठेवा. खपली आपोआप मऊ पडेल. जेवढी सुटेल तेवढीच टिपून घ्या, जी धरून आहे तिला नखाने उचकटू नका. कापूस वापरू नका, त्याचे तंतू दांडीभोवती गुंडाळले जातात. शेवटी कोरड्या गॉजने किंवा कागदी रुमालाने टिपून जागा कोरडी करा. घरातला सामायिक टॉवेल तोंडाच्या त्या भागाला लागू देऊ नका, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाल्यावर हे दुप्पट कटाक्षाने पाळा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात टॉवेल कधी खऱ्या अर्थाने वाळतच नाही. तुमच्या घरी विहिरीचे पाणी असेल तर तोंड धुताना त्या जागेवर उकळून गार केलेले पाणी घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल यांपैकी काहीही लावायचे नाही, कारण त्यांनी जंतूंबरोबर बोगद्यात नुकतीच धरलेली नवी त्वचाही जळते.

आजींच्या तेल-हळदीबद्दल मी आदराने लिहिते, कारण त्या मायेपोटी लावत आहेत आणि त्यांच्या अनुभवाला आधारही आहे. त्यांच्या पिढीत सोनार कान-नाक टोचायचा, वर खोबरेल लावले जायचे, कानात कडुलिंबाची काडी राहायची आणि बहुतेकींचे कान भरून यायचे. 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण त्या कसबाच्या विश्वासातून आली आहे. पण कानाच्या मांसल पाळीने जे सोसले ते तुमच्या कपाळाच्या पातळ बोगद्याला सोसणार नाही. तेलाचा थर दोन्ही तोंडे बंद करतो आणि आतून वाहणारी लस आतच अडकते. डब्यातली स्वयंपाकाची हळद निर्जंतुक नसते आणि तिचे बारीक कण बोगद्यात जाऊन खड्यासारखे टोचत राहतात. आजींना असे सांगा की बाहेर वाहणारी लस अडू नये म्हणून डॉक्टर तेल लावू देत नाहीत. शिवाय त्यांना एक काम द्या: सकाळी सलाईनचा गॉज ठेवल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटे मोजायचे. ज्याला काळजी वाटते त्याच्या हाताला काम मिळाले की तो औषध बदलण्याचा आग्रह धरत नाही, असे मी घरोघरी पाहिले आहे.

दांडी फिरवण्याचा सल्ला जुना आहे आणि तो आता कोणीही जाणकार देत नाही. दांडी गुळगुळीत असते, ती त्वचेला चिकटून जात नाही. चिकटते ती खपली, आणि फिरवल्यावर ती वाळलेली खपली बोगद्यात आत ओढली जाऊन नवी त्वचा खरवडते. तुमच्या गाठीत या फिरवण्याचाही वाटा असू शकतो. आजपासून सलाईनचा गॉज ठेवण्याखेरीज तिथे बोट जाता कामा नये.

समुद्राच्या पाण्याचा सल्ला मला सर्वांत अधिक खटकतो, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. सलाईनमध्ये एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चौपट. शिवाय ते निर्जंतुक नाही. उबदार खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ गटाचे जीवाणू राहतात आणि उघड्या जखमेतून शिरले तर ते गंभीर संसर्ग करू शकतात. आपल्या किनाऱ्यांवर खाडीच्या मुखाशी वस्तीचे सांडपाणीही येऊन मिळते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. हाच नियम वाळवंटी नदीच्या पात्राला, पावसाळ्यात हरवळ्याच्या धबधब्याखाली भिजण्याला आणि हॉटेलांच्या जलतरण तलावाला लागू आहे. पहिल्या पावसानंतर नदी-नाल्यांच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तेव्हा या वर्षीचे डुंबणे पूर्ण सोडून द्या.

वडिलांच्या सोन्याकडे येते. त्यांनी हे करून देण्याची तयारी दाखवली, याचे मला फार बरे वाटले, कारण अशा पत्रांत वडिलांचा उल्लेख बहुधा रागावण्यापुरता येतो. पण २२ कॅरेट सोने या कामाला योग्य नाही. त्यात ९१.६ टक्के सोने असते आणि ते इतके मऊ असते की त्यावर सूक्ष्म ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत घाण धरते. शिवाय सोनाराच्या हाताने घडवलेल्या दांडीच्या फिरकीचे मळसूत्र आत-बाहेर होताना बोगदा खरवडून काढते. जखम भरेपर्यंत सर्वांत सुरक्षित धातू टायटॅनियम, तोही शरीरात बसवण्याच्या दर्जाचा, ज्यावर एएसटीएम एफ १३६ असा उल्लेख असतो. तुमच्या दांडीचा धातू कोणता, हे स्टुडिओला फोन करून विचारा. 'सर्जिकल स्टील' असे उत्तर आले तर समाधान मानू नका, कारण त्या नावाखाली येणाऱ्या पोलादात १० टक्के किंवा त्याहून अधिक निकेल असते. खोट्या बांगड्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने किंवा जीन्सच्या बटणाने तुम्हाला कधी खाज सुटली असेल, तर निकेल तुम्हाला सोसत नाही असे समजा. लोहचुंबक लावून पाहण्याचा काही उपयोग नाही. या पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही आणि तरी त्यात निकेल असतेच. सोन्याची दांडी वडिलांनी एखाद्या वर्षाने, जखम पुरती भरल्यावर करून द्यावी, आणि तीही १४ किंवा १८ कॅरेटची, निकेलविरहित मिश्रधातूची असावी.

आता लग्नाचा प्रश्न. दांडी एका दिवसासाठी काढून पुन्हा घालता येणार नाही. या अवस्थेत बोगदा काही तासांत, कधी त्याहूनही लवकर आकसतो, आणि पुन्हा दांडी आत ढकलणे म्हणजे जखम नव्याने करणेच होय. मात्र यातून एक चांगली वाट निघते. टोचताना सूज येणार म्हणून मुद्दाम लांब दांडी घालतात. सूज ओसरल्यावर, साधारण चार ते आठ आठवड्यांत, ती काढून तिच्या जागी आखूड दांडी घालायची असते, आणि हे अनेकांना सांगितलेच जात नाही. लांब दांडी दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते, चष्म्याला अडकते, झोपेत वाकडी दाबली जाते आणि गाठ येते. तुमची दांडी बदललेली नसेल तर याच आठवड्यात स्टुडिओत जा आणि हे काम तिथल्याच माणसाकडून, निर्जंतुक केलेल्या साधनांनी, एका झटक्यात करून घ्या. घरी आरशासमोर प्रयत्न करू नका. जाडी मात्र कमी करू नका. तिथे बहुधा १.६ मिलिमीटर जाडीची दांडी असते आणि बारीक दांडी तारेसारखी त्वचा कापत वर येते. याच वेळी टोकांना मोठ्या चकचकीत मण्यांऐवजी चपट्या, त्वचेच्या रंगाशी मिळत्याजुळत्या छोट्या टोप्या लावून मागा. मावशीला जी गोष्ट नजरेत खुपते तिचा बराचसा भाग तेवढ्याने नाहीसा होईल, आणि चष्म्याचा अडथळाही जाईल.

चष्मा, दांडी, तेल आणि फिरवणे या चार गोष्टी सुधारल्यावर गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरू लागली पाहिजे. ती सपाट व्हायला त्याहून अधिक वेळ लागेल, पण रंग फिका पडतो आहे एवढे तुम्हाला दिसेल. सहा आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा गाठ सहज रक्ताळू लागली, तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात दाखवा. तुमच्या घरात कोणाला कान टोचल्यावर पाळीवर मोठी, टणक, जखमेच्या सीमेबाहेर वाढलेली गाठ आली होती का, हे आधी आजींना विचारा आणि डॉक्टरांना सांगा. त्या गाठीला किलॉइड म्हणतात, ती घराण्यात चालते आणि तिचे उपचार वेगळे असतात. कपाळाच्या मध्यावर ती तुलनेने कमी होते, आणि तुमची मुगाएवढी लाल गाठ मला त्या जातीची वाटत नाही.

'सोडूनच द्यावे का' या प्रश्नाचे उत्तर आज देता येणार नाही, पण ते कसे मिळवायचे ते सांगते. दर रविवारी त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, पट्टी शेजारी धरून एक छायाचित्र काढा आणि दोन छिद्रांमधले अंतर लिहून ठेवा. ते अंतर आठवड्यामागून आठवडा कमी होत असेल, दांडीवरची त्वचा पातळ आणि तकतकीत होऊन आतली दांडी दिसू लागली असेल, किंवा छिद्रे लांबट होत असतील, तर शरीर तिला बाहेर ढकलत आहे. असे झाले तर वाट पाहू नका. दांडी स्वतःहून कातडी फाडून बाहेर येईपर्यंत थांबलात तर भुवयांच्या मध्ये कायमची चीर राहते. वेळेवर काढली तर दोन बारीक ठिपके राहतात आणि तेही वर्षभरात विरळ होतात. पुन्हा टोचायचे झाल्यास निदान सहा महिने जाऊ द्या आणि त्या व्रणातून टोचू नका. या जागी हे होणे नेहमीचेच आहे. त्यात तुमची चूक मानायचे कारण नाही, आणि घरातल्या कोणी 'सांगितले होते' असे म्हटले तरी ते मनाला लावून घेऊ नका.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबायचे नाही. नाकाच्या मुळापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा डोळ्यामागच्या शिरांना आणि तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीला जोडलेल्या असतात. तिथला संसर्ग आत पसरणे विरळ आहे, पण पसरल्यास जिवावर बेतते. पापण्यांना सूज, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, दोन-दोन दिसणे, थंडी वाजून ताप, न थांबणारी डोकेदुखी, यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून बांबोळीला जा. नुसता पू, ठणका आणि वाढती लाली असेल तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. अशा वेळी दांडी घरी उपसून काढू नका. तोंडे मिटली की पू आत कोंडून गळू होते. ती ठेवायची की काढायची हे डॉक्टरांना समोर बसवून विचारा आणि त्यांनी काढा म्हटले तर तिथेच काढून घ्या. धनुर्वाताची लस तुम्ही शाळेत १६ व्या वर्षी घेतली असेल तर ती अजून पुरेशी आहे. हिपॅटायटिस बी ची लस घेतल्याचे कार्ड सापडत नसेल तर तिचा तीन मात्रांचा क्रम पूर्ण करून घ्या. सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघाली हे तुम्ही पाहिलेत, त्यामुळे सुईतून आजार येण्याची मोठी काळजी मिटली आहे. रक्तदानाला जाल तेव्हा टोचल्याची तारीख मात्र सांगा.

तुमच्या मैत्रिणीला माझा सल्ला आहे की तिने गाल टोचून घेऊ नये. एरवी असे ठाम लिहायला मी कचरते, पण गालाची रचनाच वेगळी आहे. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीची नळी गालातून पुढे येते आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर तोंडात उघडते. सुई त्या नळीला लागली तर गालातून बाहेर लाळ झिरपत राहते आणि ती थांबवायला कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्याही तिथूनच जातात. नळी वाचली तरी गाल बोलताना, जेवताना, हसताना सतत हलतो, म्हणून भरून यायला कित्येक महिने, कधी वर्ष लागते. सूज इतकी येते की सुरुवातीला फार लांब दांडी घालावी लागते, आतली चकती हिरड्यांना घासून त्या खाली उतरवते आणि दातांचे आवरण झिजवते, आणि पुढे काढून टाकले तरी गालावर खळगा राहतो. तिला चेहऱ्यावर काही वेगळे हवेच असेल तर नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या पातळ भागातून केलेले पिअर्सिंग, ज्यात आपल्या पणज्या बुलाक घालत, ते कमी त्रासाचे आहे. ते सहा ते आठ आठवड्यांत भरते आणि उलटे फिरवून नाकात लपवताही येते. जागा कोणतीही असो, टोचायला बंदूक वापरणाऱ्याकडे जाऊ नये, कारण ते यंत्र ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने साधने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, निर्जंतुक होत नाही आणि बोथट टोकाने मांस चेचते. ऑटोक्लेव्हची नियमित चाचणी केल्याची नोंद दाखवायला स्टुडिओने टाळाटाळ केली तर तिथून उठून यावे.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असेल. नातेवाईक नवरीबरोबर बहिणींच्याही तोंडाला हळद फासतात, आणि त्या गर्दीत कोणाचे बोट दांडीला अडकले तर सात आठवड्यांचे काम क्षणात जाते. मावशींना आधीच सांगून ठेवा की तुम्हाला हळद हातांना आणि पावलांना लावावी, चेहऱ्याला नको. अक्षता पडताना चष्मा घालून उभ्या राहा. त्या रात्री घरी परतायला कितीही उशीर झाला तरी झोपण्यापूर्वी चेहऱ्यावरचा मेकअप गालांपासून सुरू करून कपाळाकडे न नेता पुसा आणि सलाईनचा गॉज ठेवा. छायाचित्रांतली अंतरे चार रविवारांची जमली की मला कळवा.